टाइम ऑफिसातले लेखकभाई

समोरचा माणूस बोलता बोलता लांबला की लेखकभाई उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी हवेत चालवायचे आणि म्हणायचे, "लांबलं राजा. काप."

मग समोर कोण आहे हे ते बघत नसत. उशिरा आलेला कामगार बस कशी चुकली ते सांगत असो, की रजेसाठी कोणी आपल्या आजीला दुसऱ्यांदा मारत असो, बोटं चालायचीच. एकदा मिलमधल्या सत्यनारायणाला साधुवाण्याची कथा रंगात आली असताना मी पाहिलं, हात जोडलेले होते, पण त्यातली दोन बोटं हलत होती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचं वेड आधी हसू आणतं आणि पुढे कधीतरी त्याच वेडापाशी तो अडकतो. माझ्या ओळखीत हे होते.

सुरतेजवळच्या सचिन गावातल्या औद्योगिक वसाहतीत एका प्रोसेस मिलमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या आणि छापायच्या कारखान्यात, आम्ही दोघे टाइम ऑफिसला होतो. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी परभणीकडून आलेला, चोवीस वर्षांचा. ते बुलढाण्याकडचे, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. कामगारांची हजेरी, रजा, आलेल्या कागदांची आवक वही, आणि अपघात झाला तर त्याचा रिपोर्ट, एवढं आमचं काम. 'लेखकभाई' हे नाव त्यांना मिलमधल्या गुजराती मंडळींनी दिलं, थोडंसं चिडवायला. नंतर ते इतकं चिकटलं की "लेखकभाई बाहेर गेलेत" असं त्यांच्या बायकोनेच दारातून सांगितलेलं मी ऐकलं आहे.

ते गोष्टी लिहीत. पण केवढ्या! हजेरीच्या कार्डाच्या मागच्या बाजूला मावेल एवढ्याच. पाच ओळी, सहा ओळी. "कार्डाच्या मागं बसली पाहिजे," ते म्हणायचे. "नाही बसली तर ती गोष्ट नाही, गऱ्हाणं आहे."

लिहून झाली की कार्ड माझ्याकडे सरकवायचे. "यातलं एक वाक्य काढ." मी एक दाखवायचो. ते खूश होऊन दुसरंच काढायचे.

या गोष्टी धुळ्याकडून निघणाऱ्या एका पाक्षिकात यायच्या. दिवाळी अंकांतही यायच्या, पानाच्या तळाशी जागा उरली असेल तर. "संपादकाला जागा उरली की माझी आठवण होते," हे ते अभिमानाने सांगत. पुढे त्यांचं अठ्ठेचाळीस पानांचं एक पुस्तकही निघालं. प्रती त्यांच्या खाटेखाली होत्या आणि भेटायला येणाऱ्याला चहा मिळो न मिळो, पुस्तक मिळायचं. आमच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार केला तेव्हा अध्यक्ष लघुतम कथेवर पाऊण तास बोलले. लेखकभाई शाल पांघरून बसले होते. शालीच्या आत काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं.

त्यातली एक गोष्ट मला पाठ आहे. "खोलीत सहा जण पाळीपाळीने झोपत. सहावा गावी गेला तो परत आला नाही. त्या महिन्यात पाच जणांना झोप पुरली. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही."

पांडेसऱ्याला, लिंबायतला यंत्रमागावरची माणसं कशी राहतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यात एकही शब्द जास्तीचा वाटणार नाही.

त्यांचा सगळ्यात पक्का वाचक निरक्षर होता. जेट मशीनवरचा एक ऑपरेटर, नंदुरबारकडचा, घरी अहिराणी बोलणारा. बंद भांड्यात कापड घालून उकळत्या रंगात, दाबाखाली रंगवायचं, ते जेट मशीन. पाळी सुटली की हा हातापायांवर निळे-जांभळे डाग घेऊन आमच्या खिडकीशी यायचा. "आज काय लिखं, भाऊ?" लेखकभाई वाचून दाखवायचे. वाचन संपलं तरी तो कान पुढे करून उभाच असायचा. मग म्हणायचा, "इतलीच?"

लेखकभाईंचा चेहरा उजळायचा. "इतलीच."

"मंग पुढे काय व्हयनं?"

"ते तू घरी जाताना ठरव."

दुसऱ्या दिवशी तो खरंच ठरवून यायचा. झोपेच्या त्या गोष्टीवर त्याने सांगितलं होतं की सहावा माणूस गावी मजेत आहे, त्याने म्हैस घेतली. लेखकभाई दिवसभर हसत होते.

प्लेगने सुरत रिकामी केली आणि पुन्हा भरली, त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. दुपारी, पहिली पाळी सुटायच्या थोडं आधी, जेटच्या बाजूने आरडाओरडा झाला. आम्ही पोचलो तेव्हा जमिनीवर वाफाळतं जांभळं पाणी पसरलं होतं आणि चार माणसं त्या ऑपरेटरला कापडाच्या गाडीवर घालून बाहेर ढकलत नेत होती. त्याने मशीनचं झाकण उघडलं होतं. दाब दाखवणारा काटा शून्यावर होता म्हणून उघडलं. काटा बिघडलेला होता. आत दाब तसाच होता. उकळतं पाणी तोंडावर आलं. संध्याकाळच्या आत तो गेला.

काटा बिघडलाय हे मिलमध्ये माहीत होतं. पाळीच्या सुपरवायझरने बारा दिवस आधी दोन ओळींची चिठ्ठी दिली होती. ती आमच्या ऑफिसातून वर गेली होती. आवक वहीत मी तिची नोंद केली होती, आणि नोंद करताना लेखकभाई माझ्या शेजारी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरसाहेब स्वतः आमच्या टेबलाशी आले. त्यांनी खुर्ची ओढली, लेखकभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "लेखकभाई, टूंकमां लखजो," ते गुजरातीत म्हणाले. थोडक्यात लिहा. "तमे तो एमां हुशियार छो." आणि थोडक्यात काय लिहायचं तेही सांगितलं. कामगाराचा निष्काळजीपणा. आणि दोन शब्द: 'पीधेल हालतमां'. प्यायलेल्या अवस्थेत.

गुजरातेत दारूबंदी. त्यामुळे हे दोन शब्द नुसते बदनामीचे नव्हते, गुन्ह्याचे होते. मेलेल्या माणसावर एक गुन्हा लावला की जिवंत माणसांवरचा दुसरा आपोआप उतरत होता.

लेखकभाईंनी लिहिलं. बारा वर्षं सुरतेत काढून त्यांची गुजराती सुरेख झाली होती. सहा ओळींचा रिपोर्ट झाला, एकही खाडाखोड नाही. खाली त्यांची सही, साक्षीदार म्हणून माझी. त्याच दिवशी आवक वहीही बदलली गेली. ते काम माझ्याकडे आलं, मी केलं. तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यांना दोन मुली होत्या आणि राहती खोली मिलची होती. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. ही कारणं मी तेव्हाही मोजून ठेवली होती.

दहाव्या-बाराव्या दिवशी त्याची बायको खिडकीशी आली. बरोबर तिचा भाऊ होता, हिऱ्याच्या कारखान्यात काम करणारा, चांगला वाचता येणारा. बाई तिशीच्या आतली. तिने रिपोर्टची नक्कल खिडकीतून आत सरकवली. भावाने तिला त्या दोन शब्दांखाली रेघ मारून दिली होती.

"मना नवरा पेयेल नव्हता," ती म्हणाली.

लेखकभाई कागदाकडे बघत राहिले.

"बाकीनं काय लिखं ते ऱ्हाऊ द्या. हाई दोन सबद काढी टाका. मना पोऱ्हे मोठा व्हतीन. त्या वाचतीन."

रोज वाक्यं काढणारा तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "बाई, कागद वर गेला. आता माझ्या हातात नाही."

ती भावाकडे वळली, कारण तिला ते नीट कळलं नव्हतं. भावाने अहिराणीत सांगितलं. तिने कागद परत घेतला, चौघडी केली आणि कमरेच्या पिशवीत ठेवला. जाताना तिने खिडकीला हात लावून नमस्कार केला. का केला, मला आजही कळत नाही. तिचा नवरा तिथे उभा राहायचा, हे तिला माहीत असावं.

त्या आठवड्यात लेखकभाईंनी एक कार्ड लिहिलं. या वेळी माझ्याकडे सरकवलं नाही. मी ते छापून आल्यावर वाचलं.

"काटा शून्यावर होता म्हणून त्याने झाकण उघडलं. आत उकळतं पाणी होतं. कागदावर लिहिलं, दारू प्यायला होता. बायको वास घ्यायला वाकली. तोंड उरलं नव्हतं."

मी अंक मिटला आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "यात काढण्यासारखं काही आहे का?"

"नाही."

"माझी सगळ्यात चांगली गोष्ट आहे ही," ते म्हणाले, आणि लगेच त्यांनी तोंड फिरवलं. असं म्हटल्याची त्यांना लाज वाटली असावी. पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत ते थोडे हलके झाले होते. जे सांगायचं ते सांगून टाकलं, असं त्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. एका छोट्या गावातून निघणाऱ्या पाक्षिकाच्या बाविसाव्या पानाच्या तळाशी आम्ही दोघांनी आपापलं मन मोकळं करून ठेवलं होतं.

तो अंक बाईच्या भावाला उधन्याच्या एका सलूनमध्ये सापडला. बाईने मिलवर भरपाईचा दावा केला होता. भावाने तो अंक तिच्या वकिलाकडे नेला.

कोर्टात आम्ही बसने गेलो. बाई मागच्या बाकावर दोन मुलांना घेऊन बसली होती. धाकटा तिच्या पदराशी खेळत होता. तिच्या वकिलाने लेखकभाईंना विचारलं, रिपोर्ट तुमच्या अक्षरातला? हो. मग त्याने पाक्षिक पुढे केलं. ही गोष्ट तुमची? हो. वकिलाने ती मोठ्याने वाचली आणि तिथल्या तिथे गुजरातीत सांगितली. मग विचारलं, "काटा शून्यावर होता, हे तुम्हाला कुठून कळलं?"

मिलचे मॅनेजर पहिल्या बाकावर होते. लेखकभाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाईकडेही पाहिलं नाही. टेबलाच्या कडेला धरून उभे राहिले.

"साहेब, आ काल्पनिक छे," ते म्हणाले.

दोन्ही भाषांत तोच शब्द. बाईला भावाने समजावून सांगावं लागलं नाही.

परत येताना आम्हाला बसमध्ये शेजारी शेजारी जागा मिळाली. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, की वकील मोठा हुशार होता, दुसरं काही उत्तर देणं अवघड होतं, आणि असंच बरंच काही. मी खूप लांबलो. ते खिडकीबाहेर बघत होते. हात मांडीवर तसेच पडलेले होते.

त्यानंतर त्यांनी लिहिणं सोडलं. पाक्षिकाकडून दोन पोस्टकार्डं आली, त्यांना उत्तर दिलं नाही. कामगार खिडकीशी लांबण लावत आणि ते शेवटपर्यंत ऐकून घेत. लोक म्हणू लागले की लेखकभाई आता चांगले झाले, ऐकून घेतात.

सात-आठ महिन्यांनी एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डब्याच्या पिशवीतून फुलस्केप कागदांची चळत काढली. नऊ पानं. दोन्ही बाजूंनी लिहिलेली, तारीख, पाळी, मशीनचा नंबर, कोण कुठे उभं होतं, चिठ्ठी कोणी दिली, कोणी नेली, मॅनेजर काय म्हणाले, आपण काय लिहिलं, कोर्टात काय बोललो आणि ते कसं खोटं होतं. त्या माणसाने आयुष्यात एवढं लांब काही लिहिलं नव्हतं.

"फेरतपासणी मागायची आहे," ते म्हणाले. "आवक वहीचं पान तू उतरवलंस. तेवढं खाली लिही. एक ओळ. आणि सही."

मी म्हणालो, "सोमवारी सांगतो."

सोमवारी मी सकाळपासून रजिस्टरात डोकं घालून बसलो. ते आले, खुर्चीवर बसले, त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. विचारलं नाही. दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एकटेच निघून गेले.

कामगार कार्यालयातल्या कारकुनाने फाइल काढून बघितली आणि सांगितलं, हे प्रकरण तर बंद झालं. तीन आठवड्यांपूर्वी बाईने तडजोडीच्या कागदावर अंगठा दिला होता. आपली काही तक्रार नाही, असा. मुलांना घेऊन ती गावी गेली होती. कारकून म्हणाला, आता हे देऊन काय उपयोग? लेखकभाईंनी तरीही कागद दिला आणि पोच घेतली. आठवड्याच्या आत मिलने त्यांना काढलं. महिन्याच्या आत खोली सोडायला लावली.

त्यांचं टेबल मला मिळालं.

त्यानंतर ते मला वर्षभराने दिसले. कामगार कार्यालयाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ते लोकांचे अर्ज लिहून देत. दुकानदाराने कोपऱ्यात टेबल दिलं होतं. मी गेलो तेव्हा एक ओडिया कामगार समोर बसून मोडक्या हिंदीत काही सांगत होता आणि मध्येच म्हणत होता, छोटा सा लिख दो भाईसाब. लेखकभाई त्याला म्हणाले, "छोटा नहीं. शुरू से बोलो. उस दिन खाना क्या खाके आये थे, वहाँ से बोलो."

त्यांनी मला पाहिलं आणि स्टूल पुढे सरकवलं. माझ्यावर त्यांचा राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. फार वाळले होते, आणि बोलताना मध्ये मध्ये थांबून खोकत होते. नंदुरबारला जाऊन आलो, म्हणाले. बाईचं गाव शोधून काढलं. अंगणात बसून तिला नऊच्या नऊ पानं वाचून दाखवली. ती कांदे निवडत होती. ऐकत होती. मुलं येता-जाता ऐकत होती.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, इतलं सगळं तवय का बरं नही सांगं, भाऊ?"

"मग?"

"मग काय. जेवायला वाढलं."

ओडिया कामगाराचा अर्ज अर्धा राहिला होता, तो पुरा करायला ते वळले.

दशक संपत आलं होतं तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलीने मिलमध्ये फोन करून मला सांगितलं की बाबांना दवाखान्यात ठेवलंय, फुप्फुसं गेलीत. मी रविवारी सकाळी गेलो. लांबच लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. ते उशांना टेकून बसले होते. आडवं झालं की श्वास लागायचा. मी मिलच्या गोष्टी सांगायला लागलो. नवीन जेट आलेत, कोण रिटायर झालं, कोण गेलं.

त्यांनी हात वर केला. मी थांबलो.

"ते नको," ते म्हणाले. "पान कसं उतरवलंस, ते सांग."

"कुठलं पान?"

त्यांनी उशीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

वॉर्डात कोणीतरी रेडिओ लावला होता. शेजारच्या खाटेशी बसलेली बाई नवऱ्याला भात भरवत होती. मी खाली बघत सांगायला सुरुवात केली. वहीचं जुनं पान ब्लेडने कसं कापलं. त्यावर एकूण अकरा नोंदी होत्या, चिठ्ठीची सातवी. ती वगळून दहा लिहायच्या होत्या. नंबर चुकू नयेत म्हणून पुढची चार पानंही नव्याने लिहिली. सगळं एका बैठकीत लिहिल्यासारखं दिसू नये म्हणून तीन पेनं वापरली. काही नोंदी मुद्दाम घाईत लिहिल्यासारख्या तिरप्या केल्या. एका ठिकाणी खाडाखोड केली, कारण इतकी स्वच्छ वही कोणाची नसते. हे सगळं मला कोणी शिकवलं नव्हतं. मला ते आपोआप सुचत गेलं, आणि सुचलं तेव्हा, थोडा वेळ, मला बरं वाटलं होतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली. मी थांबलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तिसरं पेन कुठलं?"

"तुमचं," मी म्हणालो. "मी मागितलं. तुम्ही खिशातून काढून दिलंत."

"हं," ते म्हणाले. "टोपण काढून दिलं होतं."

थोड्या वेळाने नर्स आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा त्या खाटेवर दुसरा माणूस होता. तरुण, पायाला प्लास्टर. त्याची बायको खाटेखाली पिशव्या लावत होती. मला घुटमळताना बघून तिने विचारलं, "कोने मळवानुं छे?" कोणाला भेटायचंय? मी नाव सांगितलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याने मान हलवली. त्यांना माहीत नव्हतं. ते कालच आले होते, आणि तेव्हा खाट रिकामी होती.